वड्याच्या तेलातली सुरी : कोल्हापूर, बिद्री आणि मधे एक पन्हाळा

आमच्या घरात सुऱ्यांवरून जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कशावरून होत नाहीत. विनायकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मॉलमधून चकचकीत सुऱ्यांचे सेट आणायची हौस, आणि मला त्या सेटांचा मनस्वी राग. दोन महिन्यांत त्या सुऱ्या टोमॅटो कापायचं सोडून नुसता चेपायला लागतात. दसरा झाल्यावर अशाच एका चेपलेल्या टोमॅटोवरून आमची जुंपली आणि मी जाहीर करून टाकलं, की आता घरात सुरी येईल ती लोहाराने घडवलेलीच, आणि मी स्वतः कोल्हापूरला जाऊन आणणार. ऊसतोडीचे कोयते जिथे बनतात तिथल्या लोकांना धारेतलं कळत असणारच, असा माझा साधा हिशोब. विनायकने आश्चर्य म्हणजे अजिबात फाटे फोडले नाहीत. त्याच्या डोळ्यांपुढे कोयता नव्हताच, तांबडा रस्सा होता.

चिंचवडहून भल्या सकाळी निघालो. साताऱ्यापर्यंत गाडी मजेत पळते. कराडच्या पुढे मात्र रस्ता रुंद करायचं काम चालू आहे आणि दर थोड्या वेळाने 'वळण' लिहिलेली पाटी येऊन आपल्याला कुठल्या तरी धुळीत नेऊन सोडते. गुगलबाई जे तास सांगते त्यात निदान एक तास आपल्या पदरचा मिसळा. दुपारच्या आत पोचायचं असेल तर पेठ नाक्याला मिसळ खायला थांबण्याचा मोह टाळा. आम्ही टाळला नाही.

मुक्काम शहरातच, एका साध्या लॉजवर. खोली स्वच्छ होती, गरम पाणी सकाळी दोन तासच, पण पार्किंग होतं, आणि कोल्हापुरात गाडी असेल तर पार्किंग हे गरम पाण्यापेक्षा मोलाचं. जेवणाबद्दल लिहीत नाही. विनायकने पांढरा रस्सा किती वाट्या प्याला ते लिहिलं तर तो मला हा लेख टाकू देणार नाही.

संध्याकाळी मंगळवार पेठेत शेतीच्या अवजारांची दुकानं शोधत फिरलो. एका बोळाच्या तोंडाशी खुरपी, विळे, कोयते, अडकित्ते असं सगळं दोरीला टांगलेलं दुकान दिसलं. मालक पांढऱ्या टोपीतले, साठीच्या पुढचे. येणारा-जाणारा त्यांना अण्णा म्हणत होता, मग मीही अण्णाच म्हटलं. मी कांदा बारीक चिरता येईल अशी सुरी मागितली, तर ते मिश्किल हसले.

"बाई, तुम्ही जैनाच्या दुकानात, त्यात चातुर्मासात कांद्याचं नाव काढलासा! असूंदे. इकायला कुठली बंदी हाय?"

त्यांनी आधी एक कोयता काढून माझ्यापुढे धरला. पात्याच्या बुडाशी एक छोटी चंद्रकोर आणि तिच्याखाली दोन टिंबं उमटवलेली होती. बिद्रीकडच्या एका लोहार घराण्याचा हा ठसा. ऊसतोडीची माणसं दुकानात आली की कोयत्याचं वजन बघायच्या आधी चांद बघतात, असं अण्णा म्हणाले. कोयता बिघडला तर ठसेवाला तो परत घेऊन भट्टीत घालतो आणि नवा करून देतो, म्हणून.

मग त्यांनी गल्ल्यामागच्या खोक्यातून एक सुरी काढली. हातभर नाही, वीतभर पातं, बाभळीची मूठ, पाठीकडे काळपट आणि धारेकडे उजळ. हातात घेताच मला कळलं की मला हीच हवी आहे. मी ती उलटीपालटी केली. त्यावर चांद नव्हता.

"त्याच घरातली हाय," अण्णा म्हणाले, "पर म्हाताऱ्याची न्हाय, पोरीनं केलीया. म्हातारा तिच्या मालावर ठसा मारत न्हाय. आणि बिनठशाचं मी माझ्या जबाबदारीवर इकत न्हाय. आता तुम्हीच सांगा, उद्या मोडली तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

"मग खोक्यात का ठेवलीत?"

"चांगली हाय की वो!" अण्णा जवळजवळ ओरडलेच. "म्हणून तर फेकवत न्हाय. तुम्ही असं करा, सरळ तिकडंच जावा. मी फोन करून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी कळंब्यावरून गारगोटीचा रस्ता धरला. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी काळजी करू नये, या रस्त्याला एसट्या भरपूर आहेत. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस, त्याला तुरे फुटायला लागलेले. कारखान्यांची धुराडी अजून थंड होती, पण ट्रॅक्टरवाल्यांची ट्रॉल्या रंगवायची गडबड जागोजागी दिसत होती. बिद्रीच्या थोडं अलीकडे डावीकडे एक फाटा आत जातो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर त्या घरासमोर उद्या आपल्याच गाड्यांची रांग लागायची.

घर शोधावं लागलं नाही. आवाजावरून गेलो. रस्त्याला लागून पत्र्याची शेड, मधे ऐरण, कोपऱ्यात कोळशाची भट्टी. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आहे, बाकी काही बदलल्यासारखं वाटलं नाही. सांडशीत तापलेला लोखंडी पाटा धरून एक उंच, वाळका म्हातारा बसला होता, आणि त्याच्यासमोर उभी राहून तिशीची एक बाई दोन्ही हातांनी घण मारत होती. त्या लयीत जराही चूक नव्हती. म्हातारा छोट्या हातोडीने जिथे टक् करून दाखवी, तिथेच घण पडत होता.

"या पावणं, या! अण्णांचा फोन आलता," म्हातारा ओरडला. त्या शेडमध्ये सगळे ओरडूनच बोलतात, आणि शेडच्या बाहेर आल्यावरही सवय सुटत नाही.

हे मारुतीआबा. घणवाली त्यांची मुलगी सारिका. लग्न गावातच झालंय, नवरा डेअरीच्या दुधाचा टेम्पो चालवतो. या धंद्यात घण बाईनेच मारायचा अशी रीत आहे, सांडशी पुरुषाच्या हातात. आबांच्या बायकोने, शालनकाकूंनी, उभा जन्म घण मारला. खांदा कायमचा दुखावल्यावर तो सारिकाने उचलला. मुलगा शिरोलीला फाउंड्रीत लागला, तो परत यायचा नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. हे सगळं काकूंनी मला पहिल्या पाच मिनिटांत, चहाचं पाणी ठेवता ठेवता सांगितलं.

कोयता होताना बघणं हा या सहलीतला सगळ्यात मोठा आनंद. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना कमानपाटा भंगारातून येतो. तो तापवून लांबवायचा, वाकवायचा, मग लाल असतानाच बुडाशी ठशाचा खिळा धरून एकच ठोका घालायचा. त्यानंतर कानशीने घासून धार काढायची, पुन्हा तापवायचं आणि पाणी पाजायचं, म्हणजे लालभडक पातं गार पाण्यात बुडवायचं. पाणी पाजलं की लोखंड असं कडक होतं की मग त्यावर काही उमटत नाही. म्हणजे माल चांगला निघणार की वाईट, हे कळायच्या आधीच नाव लावून मोकळं व्हायचं. मला हे फार आवडलं. आपण सगळे आधी निकाल बघतो आणि मग सही करतो.

मी सुरीचा विषय काढला. ठशाची हवी, म्हटलं.

आबांनी सांडशी खाली ठेवली. "सुरीवर आमचा ठसा बसत न्हाय."

"का हो?"

"ठसा रानातल्या हत्यारांचा हाय. माझ्या बापानं कोयत्यावर मारला, त्याच्या बापानं मारला. कांदं-बटाटं चिरायला न्हाय त्यो."

"आबा, कोयतं आता किती जात्यात?" सारिका घण टेकवून उभी राहिली. "ऊस तोडायची मशिनं आल्यात. मी ह्या दोन वर्सांत सुऱ्याच करतो न्हवं? अण्णा म्हणत्यात, ठसा असंल तर म्हैन्याला पाटीभर दे. नसंल तर एक बी नको." (कोल्हापुरात बायकाही 'मी करतो' म्हणतात. ऐकायला इतकं बरं वाटतं की परत येताना मीही तसंच बोलत होते.)

"आणि ती तेलात बुडवती!" आबा माझ्याकडे वळून, मी पंच असल्यासारखं सांगायला लागले. "गाड्यावरचं वड्याचं जळकं तेल आणत्यात नवरा-बायको. त्यात सुरी बुडवती. लोखंडाला काय फोडणी द्यायचीया व्हय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की शेडमध्ये शिरल्यापासून बटाटेवड्याचा जो वास येत होता तो शेजारच्या हॉटेलातून येत नव्हता. विनायकच्या चेहऱ्यावर घोर निराशा पसरली.

सारिकाचं म्हणणं सरळ होतं. कोयता जाड, त्याची फक्त धार पाण्यात धरायची, त्याला पाणी सोसतं. सुरी पातळ. गार पाण्यात घातली की तडकते. तेलात जरा दमानं थंड होते. आबांचं म्हणणंही सरळच होतं, पाण्यात तडकणारं पातं म्हणजे घडवणाऱ्याच्या हातातला दोष.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला ती सुरी हवी होती, आणि खरं सांगायचं तर मला सारिकाचा पक्ष घ्यायची खुमखुमी आली होती. मी म्हटलं, "आबा, एकच करा. माझ्यासाठी. एकीवर मारा ठसा."

आबांनी भट्टीतले कोळसे सांडशीने हलवले. मग म्हणाले, "मारतो. पर ठसा माझा, तर पाणी बी माझंच. तेलात बुडवायची न्हाय."

सारिकाने आईकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली, ती हो होती की नाही मला कळलं नाही. सारिका म्हणाली, "चालतंय की."

दुपारभर दोघं त्या सुरीवर खपली. पातं इतकं देखणं उतरलं की विनायकसुद्धा फोन खिशात घालून बघत बसला. आबांनी कोनाड्यातून, हळदीकुंकू लागलेल्या जागेवरून ठशाचा खिळा काढला, स्वतःच्या हाताने चांद उमटवला. धार काढून झाली. सुरी पुन्हा लाल झाली. सुरी तिची, म्हणून या वेळी सांडशी सारिकाने धरली आणि पाण्याच्या दगडी डोणीत पातं उभं सोडलं.

चर्र झालं, वाफ आली आणि त्या आवाजाच्या आतून एक बारीकसा 'टिक' ऐकू आला. नख मोडल्यासारखा, इतकाच. पण शेडमधली तिन्ही माणसं जागच्या जागी थांबली.

पात्याच्या मधोमध केसासारखी चीर गेली होती.

त्या घरात ठसा असलेलं पातं तडकलं तर ते घडवणाऱ्यानेच मोडायचं असतं, म्हणजे चुकून कुणाच्या हातात जाणार नाही. सारिकाने ऐरणीवर ठेवून एका ठोक्यात सुरीचे दोन तुकडे केले. चांद असलेला तुकडा आबांनी उचलून भट्टीत टाकला, पंखा बंद केला आणि मागच्या दाराने रानाकडे निघून गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं ही बाई एका ठशासाठी थांबली होती, आणि मी माझ्या हौसेपायी एका दुपारीच तिचा निकाल लावायला निघाले होते. मी तसं बोलूनही दाखवलं. सारिका पदराने तोंड पुसत होती. "तुमचं काय चुकलं ताई? मला म्हाईत हुतं तडकणार."

"मग हो का म्हणालीस?"

"न्हाय म्हटलं असतं तर ठसा बाहेर तरी आला असता का?"

शालनकाकूंनी आमच्या पुढ्यात चहा आणि भडंग ठेवलं. "त्यो आता चार दिस बोलणार न्हाय," त्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या. "तडकलं त्ये त्याच्या पाण्यानं. त्ये त्याला बी कळलंय. तुम्ही पन्हाळा बघून या. जाताना ह्या वाटंनं जावा."

म्हणून पन्हाळा. गडावर धुकं नव्हतं, ऊन-वारा भरपूर होता. गाडी आत नेण्याचा कर भरावा लागतो, सुटे पैसे ठेवा. तीन दरवाजाशी सकाळी लवकर जा, दहानंतर शाळांच्या सहली येतात आणि मग दरवाजा दिसत नाही, फक्त टोप्या दिसतात. अंबरखान्याच्या, म्हणजे गडावरच्या जुन्या धान्यकोठाराच्या आत इतकं गार आणि शांत होतं की आम्ही उगाचच अर्धा तास भिंतीला टेकून बसलो. एका बाईच्या चुलीसमोर झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं, ती या सहलीतली सर्वोत्तम थाळी. विनायक म्हणतो रस्सा सर्वोत्तम. आपापल्या जिभेवर सोडते.

पण माझं मन गडावर नव्हतं. बुरुजावर उभी राहून मी खालच्या उसाकडे बघत होते आणि डोक्यात तो 'टिक' वाजत होता. विनायकने दोनदा सुचवलं की थेट हायवेला लागू, उगाच त्यांना अवघडायला नको. मी ऐकलं नाही. निरोप न घेता जाणं मला जमलं नसतं.

निघायच्या दिवशी सामान गाडीत टाकून पुन्हा त्या फाट्याला वळलो. घणाचा आवाज लांबूनच येत होता. आबा ऐरणीशी, सारिका समोर. आम्हाला बघून आबांनी नुसती मान हलवली आणि काम चालू ठेवलं. सांडशीत कोयता नव्हता, सुरी होती.

पातं आकाराला आलं. आबांनी ते पुन्हा लाल केलं, ऐरणीवर धरलं आणि हनुवटीने कोनाड्याकडे खूण केली.

"घे."

सारिकाला कळलंच नाही. "काय घेऊ?"

"काय घेऊ म्हंजी? गार हुतंय लोखंड! घे की त्यो ठसा!"

तिने हात आधी पदराला पुसले. खिळा काढला, पात्यावर धरला. ठोका एकच मारता येतो, दुसरा मारला तर एकावर एक दोन चांद उठतात. शालनकाकू चुलीपासून उठून दाराशी आल्या होत्या. सारिकाने हातोडी उचलली आणि मारली.

चांद उमटला, पण थोडा कलता.

"वाकडा पडला," आबा म्हणाले.

"पडला," सारिका म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"ऱ्हाऊंदे. माझा बी पैला वाकडाच आलता, असं म्हणणार न्हाय मी. माझा सरळ आलता." शेडमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी हसलं, काकू. धार काढून झाल्यावर आबांनी पातं भट्टीत सरकवलं, पंखा वाढवला आणि भट्टीवरची नजर न काढता म्हणाले, "आता तुझं त्ये वड्याचं तेल आण."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? विनायक दुसरीकडे बघत होता, म्हणजे त्यालाही आलं असावं.

तेलाचा डबा आला. सुरी त्यात उतरली, भप्पकन जाळ उठला आणि सगळ्या शेडभर वड्याचा वास पसरला. सगळे कान देऊन उभे होते. काही ऐकू आलं नाही. आबांनी पातं पुसलं, उन्हात धरून दोन्ही अंगांनी न्याहाळलं, नखाने वाजवून कानाशी नेलं, मग सारिकाकडे दिलं. ठशाचा खिळा मात्र त्यांनी परत कोनाड्यात ठेवला नाही, तो सारिकाच्या कानशींच्या डब्यात टाकला.

मूठ बसवून हातात यायला संध्याकाळ झाली. मी हात पुढे केला तर काकू खेकसल्या, "हातात घेऊ नका, भांडणं हुत्यात!" सुरी जमिनीवर ठेवली, मी उचलली. किंमत पाचशेच्या आत. जाताना काकूंनी पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा गाडीत टाकल्या आणि आबांनी विनायकला बजावलं, की सुरी ओली ठेवलीस तर गंजेल, आणि गंजली तर परत आणू नकोस.

कुणाला जायचं असेल तर दिवाळीच्या आधी जा. एकदा गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांमागून तो रस्ता दुप्पट लांब होतो. सुरी मिळेलच असं नाही, हाताने होतात त्या किती होणार. मंगळवार पेठेत विचारून बघा.

घरी येऊन दीड-दोन महिने झाले. सुरी रोज वापरते, रोज पुसून तेलाचा हात फिरवते. विनायक तिला घाबरून असतो. सहल कशी झाली असं कुणी विचारलं की तो रश्श्यापासून सुरुवात करतो, मी त्या शेडपासून. मजेत गेले ते चार दिवस. एवढ्या समाधानाने मी बऱ्याच दिवसांत कुठून परत आले नव्हते.

गेल्या आठवड्यात सारिकाचा फोन आला. खुशीत होती, नेहमीपेक्षाही मोठ्याने बोलत होती. गारगोटीकडचा कुणीतरी माणूस सुरी घेऊन भांडायला आला होता. मूठ हलते म्हणून. अण्णांच्या दुकानात ठसा बघून घेतली, पत्ता काढत थेट शेडवर आला आणि पुढे बसलेल्या आबांवरच तोंड सोडलं.

"आबा काय म्हणाले?" मी घाबरूनच विचारलं.

"आबा म्हणालं, मला काय सांगतुयास? केलीया तिनं, तिला सांग."

"मग?"

"मग काय! लई बोलला ताई मला. सगळ्या गल्लीनं ऐकलं." ती हसत होती. "मूठ बदलून दिली. आणि जाताना माझं नाव इचारून गेला."